झाड आत्ता काय करतंय ते आधी बघा: कोकणात नव्यानं बाग करणाऱ्यांसाठी

गावी परत आल्यावर पहिल्याच वर्षी मी काय उद्योग केला ते आधी सांगतो. घरामागं हापूसची सहा कलमं आहेत, बाबांच्या वेळची, बावीस-तेवीस वर्षांची. मला सवय मुंबईत बाल्कनीतल्या कुंड्या सांभाळायची, म्हणजे माती सुकली की पाणी. त्यामुळे पाऊस संपला तसा मी पंप चालू केला, सप्टेंबरच्या शेवटी चांगला मूठभर-मूठभर युरिया टाकला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर दर चार दिवसांनी आळी भरभरून पाणी. डिसेंबरात आजूबाजूच्या बागांत मोहोराचा वास सुटला आणि माझ्या कलमांवर काय, तर तांबूस लुसलुशीत पालवी, इतकी देखणी की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. शेजारचे आप्पा कुंपणापाशी येऊन बघून गेले, म्हणाले, "छान हां. यंदा आंबे बाजारातून आण."

तेव्हा कळलं की खत-पाणी किती द्यायचं हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न म्हणजे झाड सध्या कुठल्या टप्प्यात आहे. बी रुजतंय, नुसतं वाढतंय, फुलायची तयारी करतंय, फळ पोसतंय की दमलंय. प्रत्येक वेळी त्याला वेगळं काहीतरी हवं असतं, आणि एका टप्प्यातलं औषध दुसऱ्या टप्प्यात चक्क नुकसान करतं. शाळेत आपण हे सगळं आकृती काढून, नावं देऊन शिकलोय, पण बागेत उभं राहिल्यावर ती आकृती आठवत नाही. म्हणून इथल्याच झाडांवरून एकेक पायरी सांगतो. चाकरमानी मंडळी ज्यांनी नुकतीच जागा घेतलीय किंवा वडिलोपार्जित बाग हातात घेतलीय त्यांच्यासाठी हे आहे, जुन्या बागायतदारांनी वाचलं तर हसू नका.

पहिली पायरी: बी जिवंत आहे का ते बघा

रुजणं बघायचं असेल तर शेतात जायची गरज नाही, बिरडं करायला वाल भिजत घाला. रात्रभर पाण्यात फुगतात, मग फडक्यात बांधून ठेवले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड येतो. तो मोड म्हणजे मूळ, खोड नव्हे. आधी मूळ खाली जातं, मग कोंब वर येतो, हा क्रम बहुतेक सगळ्या बियांचा. सोलताना वाल दोन भागांत सुटतो ना, त्या दोन डाळिंब्या म्हणजे रोपाची शिदोरी. पानं उघडून स्वतःचं अन्न करायला लागेपर्यंत रोप याच शिदोरीवर जगतं, म्हणून कोवळ्या रोपाला खत घालायची घाई करू नये, त्याला तेव्हा ते नकोच असतं. ओलावा, हवा आणि ऊब एवढं पुरतं. पाणी साचलं तर हवा मिळत नाही आणि बी कुजतं, नवीन माणसाच्या बऱ्याच बिया अशाच मरतात, तहानेनं नाही.

भातासाठी आपल्याकडं मिठाच्या पाण्याची सोपी परीक्षा आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बियाणं ओतायचं, ढवळायचं, वर तरंगेल ते पोचट, काढून टाकायचं, तळाशी बसेल ते दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. पाच मिनिटांचं काम आहे पण तरवा (लावणीची रोपं) एकसारखा उगवतो.

आता महत्त्वाचं. सगळ्या बिया डब्यात ठेवून टिकत नाहीत. भात, वाल, भेंडी, ह्या वाळवून पुढच्या वर्षापर्यंत ठेवता येतात. आंबा, फणस, कोकम, जायफळ ह्यांच्या बिया वाळल्या की मेल्या. मी मे महिन्यात छान धुऊन, कडक उन्हात वाळवून, पिशवीत भरून कोकमाच्या बिया ठेवल्या होत्या, जुलैत पेरल्या, एक उगवली नाही. ह्या बियांचं गणित असं आहे की त्या पावसाच्या तोंडावर पडतात आणि लगेच रुजतात, त्यांना वाट बघायची सवयच नाही. फळ खाल्लं की आठवड्याभरात बी मातीत गेलं पाहिजे.

ह्याचं टोक बघायचं असेल तर खाडीवर जा. कांदळाची (हे खारफुटीचं झाड) शेंगेसारखी लांब हिरवी काठी लोंबते ती शेंग नाहीच, ते झाडावरच रुजलेलं पोर आहे. बी फळात असतानाच रुजतं, मूळ होणारा भाग फुटाच्या आसपास लांब होतो, मग ते सुटून चिखलात पडतं किंवा भरतीबरोबर वाहत जातं आणि जिथं टेकेल तिथं मुळं धरतं. खाऱ्या पाण्यात बी रुजवणं कठीण, म्हणून आईच्या अंगावरच बालवाडी.

माडाचं निराळं. नारळाला तीन डोळे, पण कोंब येतो एकाच मऊ डोळ्यातून. आत खोबऱ्याच्या पोकळीत पांढरा स्पंजसारखा गोळा तयार होतो (पोरं गोड लागतो म्हणून खातात), तो गोळा खोबरं विरघळवून कोंबाला पोसतो. रोपासाठी नारळ घ्यायचा तर पूर्ण १२ महिन्यांचा, हलवल्यावर पाणी वाजणारा. लावल्यावर तीन-चार महिन्यांत कोंब दिसतो, आणि जे लवकर रुजतात तेच पुढं चांगले निघतात, पाच-सहा महिने झाले तरी ढिम्म असतील ते सरळ काढून टाका.

दुसरी पायरी: पोरवय आणि कलमाची गंमत

बीपासून वाढलेल्या झाडाला एक पोरवय असतं. ह्या काळात त्याला कितीही खत घाला, थंडी पडो, पाणी तोडा, ते फुलणार नाही. रायवळ (कोयीपासून वाढलेल्या गावठी) आंब्याचं हे वय आठ-दहा वर्षांचं, कधी जास्त. बाणवली (आपल्याकडच्या उंच जातीच्या) माडाला सहा-सात वर्षं, कोकमाला सात-आठ. पपईचं मात्र काही महिन्यांत उरकतं. हे वय संपल्याशिवाय झाडाला फूल सुचतच नाही.

मग कलमाला चार-पाच वर्षांत आंबे कसे लागतात? कारण वरची काडी लहान नसतेच. कोय कलम करताना बघितलंय का कधी? जून-जुलैत कोयी रुजत घालतात, पंधरा-वीस दिवसांचा तांबूस पानांचा कोंब आला की तो मधोमध कापून चिरतात, त्यात फळणाऱ्या हापूसची तीन-चार महिने वयाची काडी पाचर करून बसवतात आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. म्हणजे खाली दोन आठवड्यांचं बाळ आणि वर कित्येक वर्षं मोहोरलेल्या झाडाची काडी. ती काडी 'वयात आलेली' असते आणि ते ती विसरत नाही, एवढंच कलमाचं गुपित. शिवाय कोयीपासून हापूस लावला तर हापूस येत नाही, कारण हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि त्यात बाप कोण ते माशी ठरवते. मुद्दाम बाप ठरवून केलेलंही आहे म्हणा, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये रत्ना आणला, पण तो शास्त्रज्ञांनी मोहोरावर बसून केलेला उद्योग, आपल्या परसातला नाही.

ह्यातून नवीन माणसानं तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, जोडाच्या खालून आलेला फुटवा दिसला की नखानं खुडायचा, कात्रीची वाट बघायची नाही. आमच्या वाडीत एकानं दोन पावसाळे तिकडं लक्ष दिलं नाही, खालचा फुटवा जोमात वर गेला, वरची हापूसची काडी कधी वाळली ते कळलंही नाही, आणि आज तिथं दणदणीत रायवळ उभा आहे ज्याचं लोणचं बरं होतं एवढंच. दोन, पिशवीतल्या किंवा वर्षाच्या कलमाला मोहोर आला तर आनंद मानून तो खुडून टाका. काडी वयात आलेली आहे पण मुळं अजून पोरंच आहेत, त्यांच्याच्यानं फळ पोसवत नाही. पहिली तीन-चार वर्षं जीव घट्ट करून मोहोर काढायचा. आमची आई अजून मला ह्यावरून बोलते.

तीन, काडीला आपली दिशाही आठवते. कोकमाच्या आडव्या फांदीची काडी घेऊन कलम केलं तर ते झाड न होता झुडपासारखं आडवंच पसरतं, सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी असेल तरच सरळ वाढतं. मिरीत हाच दोष लोकांनी कामाला लावलाय, वेलाच्या आडव्या, मिरी धरणाऱ्या फांदीचं छाट लावलं की वेल न चढता कुंडीतली झुडूप मिरी तयार होते. नर्सरीत रोप घेताना काडी कुठली हे विचाराच, नीट सांगता आलं नाही तर दुसरीकडं जा.

तिसरी पायरी: वाढ, म्हणजे पालवी आणि फुटवे

हा टप्पा सोपा आहे. पान, फांदी, मूळ, बस. नत्र इथं कामाचं, पाणी इथं कामाचं. भातात हा फुटव्यांचा काळ. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताची लावणी साधारण २१ दिवसांच्या रोपांची करायची, उशीर केलात तर फुटवे कमी आणि मग वरून युरिया मारून काही होत नाही. हळवं, निमगरवं (मध्यम), गरवं (उशिरा पिकणारं) ह्यांतला फरकही मुख्यतः ह्याच टप्प्यात असतो. लोंब धरण्यापासून फुलण्यापर्यंत साधारण महिना, दाणा भरून पिकायला आणखी महिना, हे दोन्ही महिने सगळ्या भातांना जवळपास सारखेच लागतात, गरवं भात फक्त नुसतं वाढण्यात जास्त दिवस काढतं. म्हणून कापणीच्या अंदाजित तारखेतून दोन महिने मागं मोजा, तिथून भाताचा कारभार बदलतो.

चौथी पायरी: इशारा कोण देतं

मी चुकलो ते इथं. वयात आलेलं झाडही उगाच फुलत नाही, त्याला इशारा लागतो, आणि प्रत्येकाचा इशारा वेगळा.

हापूसला लागते थंडी आणि थोडी पाण्याची ओढ. पावसाळ्यानंतर जमीन सुकत जाते, नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार होतात, आणि तयार, जून झालेल्या काड्यांच्या शेंड्यातला डोळा पालवीऐवजी मोहोर काढायचं ठरवतो. ह्याच वेळी तुम्ही पाणी आणि युरिया दिलात तर डोळा म्हणतो चला, अजून वाढायचंय वाटतं. म्हणून मोठ्या कलमांना खत पावसाच्या सुरुवातीला, आणि पाऊस संपला की पंप बंद. पाणी पुन्हा कधी, तर फळ वाटाण्याएवढं दिसल्यावर. लहान, न फळणाऱ्या कलमांना मात्र हे लागू नाही, त्यांना हिवाळा-उन्हाळा पाणी द्यायचंच, नाहीतर मरतील.

तुम्हाला कोणीतरी कल्टार घालायचा सल्ला देईलच. ते पॅक्लोब्युट्राझोल, झाडातलं वाढीचं संजीवक अडवतं, वाढ थांबली की झाड मोहोराकडं वळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी देतात. माझं मत विचाराल तर बागेत पहिली दोन वर्षं ह्याच्या वाटेलाच जाऊ नका, आणि दहा वर्षांच्या आतल्या किंवा अशक्त झाडाला तर कधीच नाही. करारावर बागा घेणारे दरवर्षी हात सैल सोडून ओततात आणि झाडं आखडून बसलेली मी बघितलीत.

वालाचा इशारा थंडीचा नाही, दिवसाच्या लांबीचा. मी हौसेनं जूनमध्ये गावठी वाल मांडवाला लावले. वेल असा माजला की मांडव वाकला, पण चार महिने एक फूल नाही. सगळ्यांनी सगळी कारणं सांगितली, नजर लागली इथपर्यंत. नोव्हेंबरात दिवस लहान झाले आणि वेल आपोआप फुलला. जुनी माणसं भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर वाल टाकतात त्यात हेच शहाणपण आहे, जूनमध्ये पेरून पाच महिने वेल पोसण्यापेक्षा फुलायच्या वेळेला पेरलेला बरा.

भाताचा इशारा डोळ्यांनी बघता येतो. फुटवे थांबल्यावर भाताचं एक ताट (काडी) उपटा, ब्लेडनं खोड उभं चिरा, तळाकडच्या पेरावर कापसाच्या तंतूसारखं पांढरं मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं काहीतरी दिसलं की ती लोंब आहे. बाहेरून काहीच कळत नाही पण आत दाण्यांचा हिशोब सुरू झालाय, उरलेला युरियाचा हप्ता आता. मग भात पोटरीत येतं (लोंब आत फुगते), मग निसवतं (लोंब बाहेर पडते).

पाचवी पायरी: फूल नर की मादी

इथं जरा रेंगाळतो कारण नवीन माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथं होते.

माझ्या चुलत्यांनी पूर्वी बांधावर अकरा कोकमं बियांपासून लावली होती. आठव्या-नवव्या वर्षी फुलली आणि तेव्हा कळलं की त्यातली सहा नर. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, आणि फुलल्याशिवाय ओळखायची सोय नाही. बियांपासून लावलं की साधारण निम्मे नर निघणार हे धरूनच चालायचं. नर फुलं बारीक, घोसात, आत पिवळसर पुंकेसरांची गर्दी, फळ शून्य. मादी फुलात मधोमध गोल, छोट्या बटणासारखं बीजांडकोश दिसतं. म्हणून आता मादी झाडाची कलमंच लावतात, विद्यापीठाची कोकण अमृता ही जात १९९७ पासून आहे. पण सगळी नरं तोडू नका हां, परागाला एखाद-दुसरं लागतंच. उरलेल्या नरांवर मादीच्या काड्या कलम करून भरता येतात, आम्ही चारांवर भरल्या, तीन धरल्या. जायफळाचंही असंच, दहा माद्यांमागं एक नर पुरतो. पपईत तर एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून फुलं येईपर्यंत थांबायचं, लांब देठावर लोंबणारे फुलांचे झुबके दिसले की तो नर, काढा.

फणसात एकाच झाडावर दोन्ही. मुंबईहून आलेल्या मंडळींचा दरवर्षीचा फोन: "अरे आपल्या फणसाची सगळी कुयरी काळी पडून गळतेय, फवारणी काय करू?" काही करू नका. ती गळणारी, बोटाएवढी, गुळगुळीत, पिवळट पूड अंगावर असलेली ती नर कणसं. पराग सांडून झाला, काम संपलं, काळी पडून बुरशी येऊन गळणारच. मादी खोडाला जाड देठावर येते आणि अंगानं खरखरीत असते, ती टिकते. मादी गळायला लागली तर मग काळजी करा.

पावसाळी मांडवावरच्या वेलांना आधी नर फुलं येतात, आठ-पंधरा दिवस नुसती तीच. देठ सरळ बारीक असेल तर नर, फुलामागं इवलंसं फळ चिकटलेलं असेल तर मादी. पावसात मधमाश्या कमी फिरतात आणि इवलं फळ पिवळं पडून गळतं, तेव्हा नर फूल तोडून पाकळ्या मागं दुमडायच्या आणि मादीच्या मध्यावर हलकेच फिरवायचं. वेळ मात्र सांभाळा. लाल भोपळा, काकडी, कारलं सकाळी उमलतात, शिराळं आणि दुधी संध्याकाळी. मी महिनाभर सकाळी चहा पिऊन शिराळ्याच्या मांडवाखाली जात होतो आणि मिटलेली फुलं बघून परत येत होतो.

आंब्याच्या मोहोरात एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात, त्यातली पुष्कळशी नुसती नर, थोडी द्विलिंगी, आणि फळ धरायची शक्यता फक्त त्या थोड्यांची. हे काम माश्या करतात, साध्या माश्या, नाक मुरडू नका. म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, तुडतुड्यांची (मोहोराचा रस शोषणारे बारीक किडे) फवारणी फुलं उमलायच्या आधी उरकायची. नुसती हापूस-हापूस बाग असेल तर मधेमधे केसर, पायरी, रत्ना असावं, हापूसला परका पराग जास्त मानवतो.

माडाची पोय (फुलांचा तुरा) फुटली की आधी त्याच पोयीवरची नर फुलं तीनेक आठवडे झडत राहतात, आणि बाणवलीत बोंडाएवढी मादी फुलं तयार होतात तोवर बहुतेक नर संपलेले असतात. त्यामुळे त्याला दुसऱ्या माडाचा पराग लागतो. एकटा माड म्हणूनच कमी धरतो. भाताचं फूल उलट, सकाळी नऊ-दहानंतर तासभर उघडतं, स्वतःचाच पराग स्वतःला, मिटतं. नेमका त्या दिवसांत सकाळी धो धो पाऊस झाला की लोंबीत पोचट दाणे.

सहावी पायरी: फळ पोसणं, आणि कधी काढायचं

आंब्याला वाटाणा, सुपारी, अंडं असे टप्पे आम्ही बोलतो. वाटाण्याला भरपूर गळ होते, तुऱ्यावरचं सगळं टिकलं तर फांदी मोडेल, त्यामुळे घाबरू नका. नंतरची गळ वाईट. जानेवारी-फेब्रुवारीत परत थंडी पडली तर त्याच काडीवर दुसरा मोहोर येतो, ह्याला पुनर्मोहोर म्हणतात, आणि तो पहिल्या मोहोराच्या लहान फळांचं अन्न ओढून घेतो, फळं गळतात. दुसऱ्यांदा मोहोर आला म्हणून पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत.

फळ धरल्यापासून साडेतीन-चार महिन्यांनी आंबा तयार. बाजारात म्हणतात तसा १४ आणे (पूर्ण तयार म्हणजे सोळा आणे) आंबा काढायचा, सोळा आण्यांची वाट बघायची नाही. खांदे भरून देठापेक्षा वर आले, पाण्यात टाकल्यावर बुडला, की झाला. झाडावर फार पिकू दिला तर साका (गरातला पांढरट स्पंजासारखा खराब भाग) वाढतो, आणि साक्याचं एक कारण मजेशीर आहे: आतली कोय फळ झाडावर असतानाच रुजायची तयारी करायला लागते आणि गरातला ऐवज ओढते. कांदळाची सवय हापूसला लागल्यासारखी. कांदळ पिकतं खाडीत, आंब्याचे मात्र पैसे बुडतात.

काजू उलटा. आधी बी पूर्ण मोठी होते, हिरवीगार, मग शेवटी तिच्या वरचा देठ फुगून बोंडू होतो. बोंडू हे खरं फळच नाही, सुजलेला देठ आहे, फळ म्हणजे खालची बी. नवीन माणूस बी मोठी दिसली म्हणून तोडतो आणि आत पाणचट गर. बोंडू पिकून खाली पडू द्या, मग वेचा, बी पिळून काढा, उन्हात वाळवा.

माडाचा हिशोब सगळ्यात लांब. पोय बाहेर दिसते त्याच्या साधारण ३२ महिने आधी ती शेंड्यात धरायला लागलेली असते, आणि पोय उघडल्यापासून नारळ पिकायला आणखी १२ महिने. म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही माडाला तहानेलं ठेवलंत तर लगेच थोडी बोंडं गळतील, पण खरा फटका दोन-अडीच वर्षांनी दिसणार, आणि तेव्हा तुम्ही खताला शिव्या द्याल. माडाला मोठा झाला तरी पाणी तोडायचं नाही, आंब्याचा नियम माडाला लावू नका.

सातवी पायरी: बीशिवायची पिढी

थोडक्यात सांगतो. केळीला बी नाही, तिची पिढी कंदाच्या पिल्लांनी चालते. तलवारीसारख्या अरुंद पानांचं पिल्लू घ्या, रुंद पानांचं दिसायला गोंडस असलं तरी कमजोर. अननसाचा शेंडा लावलात तर फळाला बुंध्याच्या फुटव्यापेक्षा जास्त दिवस लागतात. माणगा बांबू बी धरत नाही, म्हणून त्याची लागवड कंदानं किंवा काठीच्या तुकड्यांनी. आणि पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर नेचे येतात त्यांचं पान उलटून बघा, मागं तपकिरी ठिपके ओळीनं असतात, त्यात धुळीसारखे बीजाणू. फूल नाही, फळ नाही, तरी दरवर्षी गडगा हिरवा.

आठवी पायरी: वठणं

काही झाडं एकदाच फुलतात आणि संपतात. भात तर दरवर्षीचंच. केळीचं खोड घड उतरवला की मेलं, ते तसंच ठेवून 'अजून एक घड येईल' म्हणून वाट बघू नका, कापा आणि एक तगडं पिल्लू राखा. सह्याद्रीच्या उतारावरची कारवी, जिच्या काठ्यांचे कुड आपल्या जुन्या घरांना असायचे, सात वर्षं नुसती वाढते, आठव्याच्या तोंडाला डोंगर जांभळा करते आणि वाळून जाते. भेरली माड (हा वेगळा, नारळाचा नव्हे) वर्षानुवर्षं फक्त उंच होतो, मग शेंड्याकडून खाली एकेक करत वेण्यांसारखे तुरे सोडतो, सगळ्यात खालचा तुरा झाला की उभ्या उभ्या वठतो. कुणाच्या अंगणात असेल आणि तुरे खाली यायला लागले असतील तर घराच्या बाजूचा असल्यास वेळीच माणूस बोलवा, वठलेला माड कुठल्या वाऱ्यात कुठं पडेल सांगता येत नाही.

आंबा, फणस, कोकम दमतात पण संपत नाहीत. चाळीस वर्षांचं कलम फळ देईना तर लगेच कुऱ्हाड लावू नका, पावसानंतर मोठ्या फांद्या छाटून नवी पालवी आणता येते, दोन-तीन वर्षं आंबा मिळत नाही आणि कापलेल्या जागी भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, पण झाड परत कामाला लागतं. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट विसरू नका.

माझ्या सहा कलमांचं म्हणाल तर तिसऱ्या वर्षापासून मोहोर नीट येतोय. यंदा एक गंमत झालीय, विहिरीकडच्या कलमाच्या पूर्वेच्या अर्ध्या भागावर दाट मोहोर आणि पश्चिमेच्या अर्ध्यावर पालवी. आप्पांना विचारलं हे काय, तर म्हणाले गेल्या वर्षी पश्चिमेकडं किती आंबे होते आठव. खरंच होते, दीड-दोन पेट्या त्याच बाजूला. ज्या काडीनं गेल्या वर्षी फळ पोसलं ती यंदा पालवी काढतेय, आणि जिनं विसावा घेतला ती मोहोरलीय, एकाच झाडावर दोन टप्पे. आता पाणी तर अर्ध्या झाडाला देता येत नाही. त्यामुळे मोहोर वाटाण्यावर येईपर्यंत पंप बंद ठेवलाय, आणि पालवीवर तुडतुडे बसतायत का ते बघायला रोज सकाळी त्या बाजूनं एक चक्कर मारतो.